गोळीवरचं नाव

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. पत्राच्या वरती काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण सातवीत शाळा सुटली आणि तेही सुटलं. म्हणून सरळ कामाचं लिहिते.

मला इंग्रजी शिकायचंय. तुमच्याकडून.

हे वाचून तुम्ही चष्मा काढून पुसला असेल. पुसा, आणि मग पुढचं वाचा.

हॉस्पिटलात मी ज्या खोलीत काम करते तिथे ऑपरेशनची हत्यारं धुऊन, मोजून, ट्रेमध्ये लावून वाफेच्या यंत्रात घालतात, म्हणजे त्यांच्यावर जंतू राहत नाहीत. आठ वर्षं झाली. कुठल्या ट्रेमध्ये किती चिमटे, किती कात्र्या, हे मी डोळे बांधून सांगेन. आता वरून नियम आलाय, की या खोलीत परीक्षा पास झालेले टेक्निशियनच राहणार. बाकीच्यांना धुलाईच्या ठेकेदाराकडे, चादरी पिळायला. हाताच्या परीक्षेत मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले. लेखीत चाळीसपैकी सहा. लेखी इंग्रजीत असते, कारण ट्रेवरच्या चिठ्ठ्या न् यंत्रावरच्या सूचना सगळ्या इंग्रजीत. पहिलाच प्रश्न होता, खालील नाउन कोणत्या प्रकारचे ते लिहा. मी एकापुढे 'चांगला' लिहिलं, एकापुढे 'मध्यम'.

इथे एक क्लासवाला आहे, तो हे ऐकून हसला. तुम्ही हसणार नाही, रागवाल. रागाचं मला काही वाटत नाही.

दुसरी आणि शेवटची संधी सहा मेला आहे.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या हातून सासूबाईंना सकाळच्या गोळीऐवजी रात्रीची, झोपेची गोळी गेली. त्या न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, आठ महिने अंथरुणावर काढून गेल्या. तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "जिला गोळीवरचं नाव वाचता येत नाही, तिच्या हातात आम्ही आई दिली." त्यानंतर तुम्ही आणि मी एकमेकींशी बोललो नाही. ते वाक्य मी विसरलेले नाही. पण ते खरं होतं. मला वाचता येत नव्हतं. आता यायला हवंय.

तुमच्या भावांना न सांगता लिहिलंय. सांगेन सवडीने.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या चौदा चुका आहेत. इंग्रजीच्या नाहीत म्हणून सोडून देते.

शिकवीन. फोन करायचा नाही. परीक्षा हाताने लिहायची आहे, तर अभ्यासही हातानेच झाला पाहिजे. उत्तर आठ-दहा दिवसांत यायला हवं. आणि उदाहरणं तुमच्या खोलीतली द्यायची, पुस्तकातली नाहीत. सत्तावीस वर्षं मी आठवीला इंग्रजी शिकवते आहे. पुस्तकातलं पाठ केलेलं मूल परीक्षेत नवा शब्द दिसला की गळपटतं.

जिन्यातल्या बोलण्याविषयी मी आज काही लिहीत नाही.

नाउन म्हणजे नाम. ज्याला काही नाव आहे ते सगळं नाउन. माणूस, जागा, जनावर, वस्तू, आणि हाताला न लागणाऱ्या गोष्टीसुद्धा. तुमच्या परीक्षेला पाच प्रकार आहेत. आज फक्त दोन घ्या. कॉमन नाउन, म्हणजे सामान्यनाम, त्या जातीच्या कुणालाही लागू पडतं. नर्स, ट्रे, हॉस्पिटल. प्रॉपर नाउन, म्हणजे विशेषनाम, हे एकाच कुणाचं खास नाव असतं. तुमच्या हॉस्पिटलच्या पाटीवर जे रंगवलंय ते. विशेषनामाचं पहिलं अक्षर कॅपिटल, मग ते वाक्यात कुठेही येवो. आपल्या लिपीत मोठं अक्षर-लहान अक्षर नसतं, त्यामुळे तुम्ही हे हमखास विसराल. विसरू नका.

दोन्हींचे दहा-दहा शब्द पाठवा.

तुमची नणंद


२१ फेब्रुवारी

वन्सं,

वीस शब्द वेगळ्या कागदावर आहेत. कॅपिटल दोनदा विसरले, मग आठवलं, म्हणून खाडाखोड दिसतेय.

तुमच्या भावांना कळलं. कळणारच होतं. मी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात, दाराला, कपाटाला, बादलीला. हे एका दहा मजली इमारतीची बंद पडलेली लिफ्ट सुरू करून आले, बूट काढता काढता दारावरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "हे कोण शिकवतंय?" मी म्हटलं, तुमची बहीण. त्यांनी दुसरा बूट काढला. मग म्हणाले, "चालू तारेला हात लावतेयस. हातमोजे घाल." दुसऱ्या दिवशी सकाळी माझी 'कॉमन नाउन' लिहिलेली चिठ्ठी स्वतःच्या शर्टाला लावून कामावर गेले. संध्याकाळी परत आले तरी ती होती. दिवसभर कुणी विचारलं नाही म्हणे.

आमच्या खोलीत वाफेचं यंत्र चालवणारा एकजण आहे. आवाज असा की त्याला आम्ही भोंगा म्हणतो. तोही लेखीत नापास आहे. डब्याच्या सुट्टीत मी त्याला तुमचं पत्र वाचून दाखवते. तो सगळं ओरडून पाठ करतो, त्यामुळे आता अख्ख्या खोलीला येतं.

एक शंका आहे. कात्रीला इंग्रजीत सिझर्स म्हणतात. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या की कात्री एक असली तरी शब्द अनेकवचनीच. असं कसं? भोंगा म्हणतो ही चूक इंग्रजांची. मी त्याला म्हटलं, अरे, आमच्या घरातही एकच नवरा आहे आणि तो अनेकवचनी आहे. 'हे आले, हे जेवले.' मग कात्रीने काय घोडं मारलंय?

बरोबर आहे का एवढं सांगा.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

बरोबर आहे. कात्रीला दोन पाती, म्हणून ती अनेकवचनी. एक सांगायची असेल तर 'अ पेअर ऑफ सिझर्स'. दादाला किती पाती ते तुम्हालाच ठाऊक. तुमचं ते वाक्य मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं, कुणाचं ते न सांगता. आमचे मुख्याध्यापक हसले. त्यांना हसताना मी यापूर्वी एकदाच पाहिलंय.

वीसपैकी सतरा बरोबर. 'सिस्टर' हे तुम्ही विशेषनामात घातलंय. सिस्टर कुणीही असू शकते, म्हणून सामान्यनाम.

आता कलेक्टिव्ह नाउन. समूहाला मिळून एक नाव. टीम, सेट, स्टाफ. माणसं पुष्कळ, शब्द एक. फॅमिली हाही त्यातलाच. आणि मटेरियल नाउन, म्हणजे ज्या पदार्थापासून वस्तू बनते त्याचं नाव. स्टील, कॉटन, ग्लास, रबर. मटेरियल नाउन मोजायचं नसतं. त्याच्यामागे 'वन, टू' लावायचं नाही आणि पुढे एस जोडायचा नाही. परीक्षक नेमके इथेच पकडतात.

प्रत्येकी दहा.

तुमची नणंद


१२ मार्च

वन्सं,

मी भांडायला बसलेय. तुम्ही म्हणता मटेरियल नाउन मोजायचं नाही. गॉज म्हणजे जाळीचं कापड, बरोबर ना? ते मटेरियल. आमच्याकडे ते मोजलं नाही तर माणसाच्या पोटात राहतं. ऑपरेशनच्या आधी मोजतात, नंतर मोजतात, आकडा जुळेपर्यंत टाका घालत नाहीत. मग व्याकरणाने मोजू नये म्हणून आम्ही सोडून द्यायचं का? काल एका ट्रेच्या चिठ्ठीवर नव्या मुलीने 'गॉज टू' असं लिहिलं होतं. दोन काय? दोन तुकडे की दोन पुडकी? एका पुडक्यात दहा असतात. मी तो ट्रे अडवला. थिएटरातून दोनदा फोन आला, मी म्हटलं, लिहून द्या मग सोडते. सिस्टरांनी येऊन पाहिलं आणि माझ्याच बाजूने बोलल्या. तर याचं उत्तर द्या.

दुसरी शंका. गोळीच्या पाकिटावर दोन नावं असतात, एक मोठं ठळक आणि त्याच्याखाली एक बारीक. भोंग्याच्या खोकल्याच्या गोळ्यांवर पाहिलं. मला वाटतं, ठळक म्हणजे कंपनीने ठेवलेलं, ते विशेषनाम, आणि बारीक म्हणजे औषधाचं, ते सामान्यनाम. हे मी कुणाला न विचारता ओळखलं.

ते ओळखल्यावर सासूबाईंची डबी आठवली. मध्ये पत्र्याची पडदी असलेली. डावीकडे सकाळची, उजवीकडे रात्रीची. दोन्ही पाकिटं चंदेरी, नावं वाचता यायची नाहीत म्हणून मी जागेवरून ओळखायचे. वन्सं, खरं सांगू का, त्या सोमवारी माझा हात डावीकडेच गेला होता असं मला आजही आठवतं. पण दवाखान्यात सगळे म्हणाले, उजवीकडची दिलीस. इतक्या जणांनी म्हटल्यावर मलाही तसंच वाटायला लागलं. आता नक्की काय ते कुणालाच सांगता यायचं नाही. तुम्ही त्यावर काही लिहू नका, मी आपलं लिहिलं.

वीस शब्द सोबत आहेत.

वहिनी


२ एप्रिल

वन्सं,

एकवीस दिवस झाले, उत्तर नाही. आठ-दहा दिवसांची अट तुमचीच होती.

मी भांडायला बसले असं लिहिलं, ते तुम्हाला लागलं का? ती माझी बोलायची पद्धत. की गोळ्यांचं मी पुन्हा उकरून काढलं म्हणून? तसं असेल तर ते पान फाडून टाका आणि फक्त गॉजचं उत्तर द्या. परीक्षेला चौतीस दिवस उरलेत आणि पाचवा प्रकार मला अजून माहीत नाही.

तुमचे भाऊ म्हणाले, "ती रागावली की महिना महिना बोलत नाही, मी भाऊ आहे, मला विचार." मी म्हटलं, मला तिच्या रागाशी काम नाही, तिच्या धड्याशी आहे. तब्येत बरी असेल अशी आशा.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

मी रागावलेले नाही. तब्येत बरी आहे. हे पत्र मी सहा वेळा लिहिलं आहे.

आधी गॉज. तुम्ही बरोबर आहात. पदार्थ मोजत नाहीत, त्याचे तुकडे मोजतात. 'ट्वेंटी पीसेस ऑफ गॉज.' त्या मुलीने ते लिहायला हवं होतं. ट्रे अडवलात ते योग्य केलंत. गोळीच्या दोन नावांचंही तुम्ही अचूक ओळखलंत.

आता दुसरं.

तुमचा हात डावीकडेच गेला होता.

त्या रविवारी मी आले होते. आईची डबी चिकट झाली होती, ती मी साबणाने धुतली. पाकिटं काढून खिडकीत ठेवली होती. डबी पुसून पाकिटं परत भरली तेव्हा कोणतं कुठे जातं ते मी पाहिलं नाही. पाहायची गरज वाटली नाही. मला वाचता येतं, म्हणून मी चुकणार नाही, असं मी धरून चालले होते. सोमवारी दवाखान्यात दादाने ती डबी माझ्या हातात दिली. मी झाकण उघडलं, डावीकडचं पाकीट उचललं आणि त्यावरचं नाव वाचलं. त्याच क्षणी मला सगळं कळलं. मग जिन्यात तुम्ही समोरून आलात, आणि मी ते वाक्य बोलले.

वाक्य तोंडातून गेल्यावर ते परत घ्यायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी नऊ वर्षं ते घेतलं नाही. आई होती तोवर म्हणायचे, ती बरी झाली की सांगू. ती गेल्यावर वाटलं, आता सांगून काय होणार. मुलांच्या चुकांवर मी लाल शाई ओढत आले आणि माझ्या चुकीवर तुमचं नाव घातलं.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, हिला इंग्रजी शिकवलं की थोडं फिटेल. फिटणारं नाही, हे तुमचं बारा मार्चचं पत्र वाचून कळलं.

पुढे शिकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची नणंद


१४ एप्रिल

वन्सं,

पत्र हॉस्पिटलात वाचलं, ट्रे लावायच्या टेबलापाशी. वाचून झाल्यावर मी चार ट्रे लावले. एकही चुकला नाही, मी दोनदा मोजले.

मला फार राग आलाय. केवढा ते लिहायला शब्द नाहीत, आणि असते तरी त्यात चुका निघाल्या असत्या.

त्या आठ महिन्यांत सासूबाईंना कुशीवर वळवताना, पाठ पुसताना, त्यांना भरवताना मी रोज मनातल्या मनात हात जोडायचे, की माझ्या हातून झालं. त्या एकदा म्हणाल्या, "तू का रडतेस गं, पडले मी." मी त्यांना उत्तरसुद्धा दिलं नाही. ते आठ महिने तुम्ही मला परत देऊ शकत नाही, तेव्हा माफी मागायच्या भानगडीत पडू नका.

एवढं मात्र मी माझं म्हणून घेते. मला वाचता आलं असतं तर पाकिटं उलटी आहेत हे सोमवारी सकाळी मी पकडलं असतं. तेवढं माझं. बाकीचं तुमचं.

तुमच्या भावांना अजून काही माहीत नाही. ते त्यांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.

परीक्षा बावीस दिवसांवर आली. पाचव्या प्रकाराचा धडा राहिलाय. तो पाठवा.

वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउन. भाववाचक नाम. जे दिसत नाही, हाताला लागत नाही, पण असतं. गुण, भावना, अवस्था. स्ट्रेंग्थ, फिअर, सायलेन्स, केअर. यांनाही मटेरियल नाउनसारखं मोजत नाहीत.

विशेषणापासून भाववाचक नाम बनवायचं एक सोपं तंत्र आहे, शेवटी 'नेस' जोडायचं. क्लीन, क्लीननेस. शार्प, शार्पनेस. सगळ्यांना चालत नाही. ब्रेव्हचं ब्रेव्हरी होतं, ट्रूचं ट्रूथ. जी चालत नाहीत अशी सोळा सोबत लिहिली आहेत, ती पाठच करा.

एका जोडीकडे विशेष लक्ष द्या, हॉस्पिटलची परीक्षा आहे म्हणून. पेशन्स म्हणजे धीर, भाववाचक, शेवटी सी-ई. पेशंट्स म्हणजे रुग्ण, सामान्यनाम, शेवटी टी-एस. कानाला जवळजवळ सारखेच लागतात, लिहिताना घात करतात.

चाळीस मार्कांची सराव-प्रश्नपत्रिका जोडली आहे. घड्याळ लावून सोडवा, न तपासता पाठवा. उलट टपाली तपासून देईन.

दादाला लिहिते आहे. पहिल्या ओळीपुढे जात नाही. जाईन.

तुमची नणंद


८ मे

वन्सं,

परवा पेपर झाला. सराव-पेपरात तुम्ही चोवीस दिले होते, त्याच्या जोरावर गेले.

आम्ही नऊजण होतो. भोंग्याला शेवटच्या बाकावर बसवलं होतं, कारण तो उत्तर लिहिताना पुटपुटतो आणि त्याचं पुटपुटणं म्हणजे दवंडी. प्रकार ओळखायचे वीस शब्द होते. सतरा तर खात्रीने बरोबर. चिठ्ठी लिहायच्या प्रश्नात मी 'टेन पीसेस ऑफ गॉज' लिहिलं आणि खाली रेघ ओढली. बाजूची म्हणाली, रेघ कशाला? मी म्हटलं, भांडून मिळवलंय ते.

शेवटचा प्रश्न होता, भाववाचक नाम वापरून स्वतःच्या कामाबद्दल एक वाक्य. मी लिहिलं, 'माय वर्क नीड्स पेशंट्स.' टी-एस. बाहेर आल्यावर जिन्यात लक्षात आलं. तुम्ही बजावलं होतंत, तरी घात झालाच. तसं पाहिलं तर वाक्य खोटं नाही, रुग्णच नसतील तर मला कोण विचारतंय. पण मार्क जाणार.

निकाल तीस तारखेला. तुमच्या भावांना लिहायचं पत्र कुठवर आलं? निकालाच्या आधी व्हायला हवं. पास झाले तर आनंदात बुडेल, नापास झाले तर त्याच्यामागे लपेल. मला दोन्ही नको.

वहिनी


१८ मे

वहिनी,

'पेशंट्स'बद्दल अर्धा मार्क मिळायला हरकत नाही. मी दिला असता.

सोबत एक पाकीट आहे, दादाच्या नावाचं. चिकटवलेलं नाही. आत सगळं लिहिलं आहे, डबीपासून जिन्यापर्यंत. आधी तुम्ही वाचा. द्यायचं की नाही आणि कधी द्यायचं, हा निर्णय तुमचा. इतकं झाल्यावर तो अधिकार तुमचाच आहे असं मला वाटतं.

तुमची नणंद


२३ मे

वन्सं,

पाकीट परत पाठवतेय. वाचलं नाही.

तुम्हाला वाटलं तुम्ही मला अधिकार दिलात. मला तर वाटलं, पुन्हा तीच डबी दिलीत. तुम्ही भरलेलं काहीही मी यापुढे माझ्या हाताने कुणाला देणार नाही. त्यावर तिकीट लावा, भावाचं नाव-पत्ता घाला, तोंड चिकटवा आणि स्वतः पेटीत टाका. पोस्टमन आणून देईल. ते त्याचं काम आहे.

मी रागाने लिहीत नाही. म्हणजे राग आहेच, पण हे त्यामुळे लिहिलेलं नाही. असंच बरोबर आहे म्हणून लिहिलंय.

वहिनी


२७ मे

वहिनी,

आज सकाळी बाजारात जाताना टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज ऐकून मगच हलले.

तुमचं बरोबर होतं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तुमची नणंद


१० जून

वन्सं,

पास झाले. चाळीसपैकी सव्वीस. पासाला वीस लागत होते. 'पेशंट्स'ला अर्धासुद्धा मिळाला नाही. भोंगा वीसवर काठावर सुटला आणि त्याने ती बातमी अशी दिली की तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणी जाग्या झाल्या. नऊपैकी सहाजण राहिलो, तिघी चादरींवर गेल्या. त्यातली एक माझ्याबरोबर आठ वर्षं होती. तिला पुढच्या वेळी पुन्हा बसता येईल का, हे सिस्टर विचारून सांगणार आहेत. बसता आलं तर तिला मी शिकवणार. तुमची पत्रं मी जपून ठेवलीत, व्याकरणाची पानं वेगळी काढून.

आता तुमचं पत्र. ते शनिवारी आलं. हे घरीच होते. दारातच पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी आत स्वयंपाकघरात होते. मला वाटलं होतं, ओरडतील. तुम्हाला फोन लावतील, निदान दार तरी आपटतील. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही म्हणून बाहेर आले, तर हे बुटांच्या फळीवर बसलेले, कागद मांडीवर.

मला म्हणाले, "तुला कधीपासून माहीत आहे?"

मी म्हटलं, "एप्रिलपासून."

"आणि बोलली नाहीस."

"माझं नव्हतं ते सांगायचं."

मग म्हणाले, "नऊ वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही. कुठल्या कप्प्यातून दिलीस, एवढं तरी विचारायचं होतं. ती तर या घरात राहत नव्हती. मी इथेच होतो."

मी त्यांना नाही म्हटलं नाही. कारण खरंच विचारलं नव्हतं. समजूत काढायला जीभ वळत होती, पण मी ती आवरली. चहा टाकला आणि दोघं प्यायलो. 

तुम्हाला माहीत नसेल, यांना दोन वर्षांपासून साखर आहे. दोन गोळ्या चालू आहेत, एक जेवणाआधी, एक नंतर. त्या गोळ्या घरात कुठे दिसायच्या नाहीत. हत्यारांच्या पिशवीत, स्क्रू-ड्रायव्हरच्या खाली ठेवायचे आणि कामावर घ्यायचे. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी हे न्याहारीला बसले. पिशवी उघडली, दोन्ही पाकिटं काढून माझ्या ताटलीशेजारी ठेवली आणि तळहात पुढे केला.  मी हात पुसले. पहिलं पाकीट उचलून वरचं ठळक नाव वाचलं, मग खालचं बारीक, मग किती मिलिग्रॅम, मग मागची तारीख. सगळं मोठ्याने. दुसऱ्याचंही तसंच. मग पहिल्यातली एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

म्हणाले, "एवढं सगळं वाचायचं असतं?"

मी म्हटलं, "आमच्या खोलीत तरी वाचतात."

त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले आणि कामावर गेले. पाकिटं टेबलावरच राहिली. आज तीन दिवस झाले, तिथेच आहेत.

हे तुम्हाला फोन करणार नाहीत. एवढ्यात तरी नाही. तुम्ही करू नका, त्यांना वेळ द्या. मी तुम्हाला माफ केलं की नाही ते मलाच अजून कळलेलं नाही. कधीकधी ट्रे लावता लावता एकदम डोकं तापतं, आणि कधी तुमची ती सोळा शब्दांची यादी आठवते, सुवाच्य अक्षरात, माझ्यासाठी लिहिलेली. काय ते ठरलं की कळवीन, उगाच आधी कळवणार नाही.

शाळेला सुट्टी असेल तेव्हा यायचं असलं तर या. बोलावत नाही. पण आलात तर दार मी उघडेन आणि दोघं भाऊ-बहीण काय बोलायचं ते बोलून घ्या. मी तेवढा वेळ बाहेर थांबेन, आणि मग आत येईन.

वहिनी